काढ म्हटलं की काढायची

उब्बो रेंट्सला गावात सगळे हट्टी म्हणायचे, आणि ते काही उगाच नव्हे. उभा जन्म त्यानं पंपघरात काढला. आमची जमीन समुद्राच्याही खाली. बांधाच्या आत साठणारं पाणी उपसून बाहेर टाकलं नाही, तर गायींना पोहायला शिकवावं लागेल. असलं काम करणारा माणूस हट्टी नसून कसं चालेल? पाणी काही समजूत घातल्यानं जात नाही.

त्याचा दुसरा हट्ट म्हणजे विमानं. त्यांना खेळणी म्हणाल तर तो तुमच्याशी बोलणं सोडेल. पुरुषभर लांबीच्या पंखांची, लाकूड घासून आणि वर कापड ताणून बनवलेली, नाकात मुठीएवढं इंजिन असलेली विमानं. हातातल्या पेटीवरच्या दोन दांड्या हलवायच्या आणि जमिनीवर उभं राहून ती उडवायची. दर शनिवारी दुपारी बांधाजवळच्या आमच्या गवताळ मैदानावर उब्बो यायचा. वारा असो, भुरभुर असो, बांधावरची मेंढरंसुद्धा आडोसा शोधत असोत, हा आपला हजर.

अलीकडे मैदानावर बहुतेकांनी बॅटरीवरची विमानं घेतली. बटण दाबलं की पंखा फिरतो, ना तेल ना धूर. उब्बोला त्याचा मनस्वी राग. "तुमचा मिक्सर उडवा तुम्ही," तो म्हणायचा, "सूप झालं की हाक मारा." त्याच्या जोडीला जुन्या इंजिनाचा आणखी एकच भक्त उरला होता, विल्को. हा विल्को पूर्वी बेकरीची गाडी चालवायचा, पोटानं गोल, तोंडानं फाटका. आयुष्यात त्यानं उब्बोशी एकदाही गोड शब्द काढला नाही आणि एकही शनिवार त्याच्याशिवाय घालवला नाही.

आता हे जुनं इंजिन चालायचं कसं ते सांगायलाच हवं, कारण सगळं रामायण त्यातच आहे. त्यात पेट्रोल नसे. मेथॅनॉल, म्हणजे एक विषारी अल्कोहोल, आणि त्यात एरंडेल. ठिणगीही नसे. डोक्यावर एक इवलासा प्लग, त्याच्या आत केसासारखी तार. त्या प्लगवर बॅटरीची क्लिप चढवायची, तार लालबुंद होते, पुढून पंख्याला टिचकी मारायची, इंजिन धडधडायला लागतं. एकदा धडधडलं की तार आपल्याच उष्णतेनं लाल राहते. मग क्लिपची गरज नाही, ती काढून घ्यायची. काढायची मात्र मागून, पंखावरून हात पुढे नेऊन. पुढून काढायला जाल तर पंखा बोटं नेईल.

तर ही क्लिप काढायचं काम थेडाचं.

थेडा उब्बोची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली. मनगटं अशी की बटाट्याचं पोतं एका हातानं उचलावं. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात ती मैदानावर विणकाम घेऊन आली होती. उब्बोची एकट्याची तारांबळ बघून तिनं सुया पिशवीत टाकल्या, गवतात गुडघे टेकले, डाव्या हातानं विमानाचं अंग घट्ट धरलं आणि म्हणाली, "सांग, काय करू?" उब्बोनं सांगितलं, "मी काढ म्हटलं की ती क्लिप काढायची. त्याआधी नाही, त्यानंतर नाही." झालं. तेव्हापासून मैदानावर त्या सुया काही पिशवीतून बाहेर आल्या नाहीत. चाळीसेक वर्षं उब्बो टिचकी मारायचा, मागे यायचा, पेटी गळ्यात अडकवायचा, कान देऊन इंजिन ऐकायचा आणि म्हणायचा, "काढ!" थेडा काढायची. मग विमान सोडायची आणि उठून गुडघे झटकायची. दोघांत याहून जास्त बोलणं होत नसे. त्यांच्या संसारात भांडणं कमी का झाली, तर हेच, असं विल्को म्हणायचा. "माझ्या बायकोला मी 'काढ' म्हटलं असतं तर तिनं माझी कातडी काढली असती."

मग थेडा विसरायला लागली.

आधी चष्मा, किल्ल्या, मग शेजारणीचं नाव. हसण्यावारी गेलं. एकदा पाद्रीबुवा चहाला आले. आमच्याकडे कपात चमचा घातला की बास, आता नको, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पाद्रीबुवांनी चमचा घातला. थेडानं ओतलं. त्यांनी चमचा काढून पुन्हा घातला. थेडानं पुन्हा ओतलं, खडीसाखर टाकली, साय सोडली. बिचारे भिडेखातर पीत राहिले, आणि उब्बो समोर बसून टेबलाखाली स्वतःच्या मांडीला चिमटे घेत राहिला. ते गेल्यावर थेडानं विचारलं, "कोण होते रे ते? किती चहा पितात!" उब्बो हसला खरा, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

पुढे पुढे ती घरातच पाहुणी झाली. कुठला दरवाजा संडासाचा, कुठला कोठीचा, तिला उमजेना. मुलगी इन्सा दर रविवारी शहरातून यायची, तिला ती कधी बहीण समजायची, कधी शाळेतली सहकारी. "कांदे चिरून झाले का?" असं विचारायची. उब्बोला तर ती नावानं हाक मारेनाशीच झाली. "ऐका हो," म्हणायची, परक्या माणसाला म्हणावं तसं. पण शनिवारी मैदानावर आणून विमानामागे नेली की बाई गुडघे टेकायची, डावा हात अंगावर, उजवा पंखावरून पुढे. "काढ!" म्हटलं की काढायची. कधी चुकली नाही. डोक्यातून सगळं पुसलं गेलं तरी हातांनी काही विसरायचं नाही असं ठरवलं होतं जणू. त्या घटकाभरात ती पुन्हा थेडा असायची. आठवडाभर उब्बो त्या घटकेवर जगायचा. तेवढं राहू दे, बाकी सगळं ने, असं तो पंपघराच्या यंत्रांशी बोलावं तसं देवाशी बोलायचा.

आणि मग ती बाटली.

ऑगस्टातला उकाडा. आमच्याकडे वर्षातून थोडेच दिवस उकडतं, त्यातला तो. उब्बोचं विमान वर होतं, मक्याच्या शेतावर वळण घेत होतं. इंधनाची बाटली खुर्चीखाली, सावलीत. उब्बो त्यात गुलाबी रंग टाकायचा, टाकीत किती उरलंय ते लांबून दिसावं म्हणून. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं की थेडानं बाटली उचललीय. झाकण फिरवलंय. तिला वाटलं, सरबत.

विमान उडवणाऱ्याला मान वळवता येत नाही. क्षणभर नजर हलली की विमान गेलं. "थेडा! ठेव ते!" तो ओरडला. वारा समोरून होता. "विल्को! अरे विल्को!" विल्को गाडीच्या डिकीत डोकं घालून बसलेला. थेडानं बाटली तोंडाला लावली. उब्बोनं दांड्या सोडल्या, पेटी तशीच छातीवर आपटत पळाला आणि तिच्या हातावर असा फटका मारला की बाटली उडून गवतात पडली. मागे मक्यात विमान घुसल्याचा आवाज आला. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

घोटभर गेलं होतं. इस्पितळात दोन-तीन दिवस ठेवलं, यंत्रानं रक्त धुतलं, डोळे वाचले. इन्सा आली ती थेट बापासमोर उभी राहिली.

"बाबा, ती आंधळी झाली असती. मेली असती."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे तर मग? एक तर ते विष बंद, नाही तर आईचं मैदान बंद. मी तिला शहरात आमच्याजवळच्या वृद्धाश्रमात नेईन. खोली आहे, मी विचारलंय."

"मैदान बंद नाही करायचं," उब्बो म्हणाला. "विष बंद करतो. शपथ घेऊन सांगतो, ती जिथं असेल तिथं मेथॅनॉल असणार नाही. ना घरात, ना गवतात."

"मग बॅटरीवर उडवा ना, सगळे उडवतात."

"बॅटरीला धरायला कोण लागतं, इन्सा? तुझ्या आईनं मग बसून काय करायचं?"

बापाचं म्हणणं इन्साला पटलं नव्हतं, पण कळलं होतं.

तर उब्बोनं ठरवलं, इंजिन पेट्रोलवर आणायचं. पेट्रोल कोणी सरबत म्हणून पीत नाही, बाटली उघडताच नाकाला झिणझिण्या येतात. आणि इंजिन तर इंजिनच राहतं. तसाच आवाज, तशीच टिचकी, मागून तसंच धरायला माणूस लागतो. बदलणार फक्त बाटली. असं त्याला वाटलं बरं का.

सगळा हिवाळा तो तळघरात बसला. थेडा शेजारी खुर्चीत, मांडीवर लोकर, सुया नुसत्याच हातात. जुना प्लग काढून त्या जागी ठिणगीचा छोटा प्लग. पंख्याच्या मागच्या चकतीत एक लोहचुंबक, त्याच्यासमोर चुंबक ओळखणारा एक डोळा. चुंबक डोळ्यासमोरून गेलं की ठिणगी पडते, ती पडायला पाहिजे नेमक्या वेळी, नाही तर इंजिन उलटं फिरून बोटं फोडतं. पेट्रोल कमी लागतं, म्हणून बारीक भोकाचं कार्ब्युरेटर. एरंडेल पेट्रोलात विरघळत नाही, म्हणून तेल वेगळं. टाकीतली सिलिकॉनची नळी पेट्रोलानं फुगून सटकते, म्हणून नळी वेगळी. विल्को येऊन बसायचा, चहा ढोसायचा आणि टोमणे मारायचा.

"म्हातारपणी धर्म बदलतोयस, लेका."

"तू तुझं मेथॅनॉल कुलपात ठेवतोस ना?"

"कुलपात आणि किल्ली बायकोकडे. मलाच मिळत नाही, तर थेडाला कुठली मिळतेय!"

उब्बोनं सगळ्याचा विचार केला. नळीचा केला, तेलाचा केला, ठिणगीनं रेडिओत खरखर येऊ नये म्हणून तारेवर जाळी चढवली. पंपघरात ज्यानं कधी एक वॉशर चुकवला नाही तो माणूस. पण या नव्या प्लगला क्लिप लागतच नाही, हा विचार त्याच्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. शिवणार कसा? क्लिप त्याच्या हातात कधी नव्हतीच. ती थेडाची. घरात पाणी कुठून येतं याचा विचार कोण करतो? नळाला येतं, संपलं.

एप्रिलात मैदान वाळलं. पहिला शनिवार, स्वच्छ आभाळ, वारा बांधाकडून. थेडाला जाड जाकीट घालून आणलं. तिनं विमान पाहिलं मात्र, कोणी न सांगता गुडघे टेकले. डावा हात अंगावर. उजवा हात पंखावरून पुढे गेला, चाचपला, आणि थांबला. क्लिप नव्हती. तिथं एक जाड तार आणि तिच्या टोकाला काळी टोपी.

"आज ती नको, थेडा," उब्बो पुढून म्हणाला. "आज फक्त धर."

"बरं," ती म्हणाली, पण हात मागे घेतला नाही. हात तिथंच, टोपीवर बोटं ठेवून.

उब्बोनं लाकडी दांडक्यानं पंख्याला टिचकी मारली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा इंजिन असं पेटलं की विल्कोनंसुद्धा डोक्यावरची टोपी उडवली. "चाललं रे चाललं! म्हातारा जिंकला!" सगळी मिक्सरवाली मंडळी टाळ्या वाजवत आली. उब्बोचा चेहरा फुलला. सगळा हिवाळा सार्थकी लागला होता. तो नेहमीसारखा मागे आला, पेटी गळ्यात अडकवली, नेहमीसारखा कान दिला. इंजिन छान, भरदार, एकसुरात. आणि नेहमीसारखं त्याच्या तोंडून निघालं,

"काढ!"

थेडानं काढली.

टोपी उपसली गेली, उघड्या तारेची ठिणगी तिच्या बोटात शिरली, हात झटक्यानं पुढे फेकला गेला. ठिणगी तुटल्यामुळे इंजिन बंद पडत होतं, पण पंखा अजून फिरत होता. जाता जाता दोन बोटांच्या पेरांवर त्यानं मारलंच.

रक्त बघून ती ओरडली नाही. तिनं उब्बोकडे बघितलं. भांबावलेली, शाळेत मार खाल्लेल्या मुलीसारखी. "तुम्ही काढ म्हणालात," ती म्हणाली. "मी काढली. बरोबर केलं ना?"

"बरोबर केलंस," उब्बो म्हणाला. तो तिच्या बोटांना रुमाल गुंडाळत होता. "अगदी बरोबर केलंस गं. मीच गाढव."

"मग का लागलं?"

विल्कोनं धावत जाऊन गाडी काढली. डॉक्टरांनी टाके घातले, बोटं राहिली. इन्साला फोन करताना उब्बोनं काहीही लपवलं नाही. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तिच्यासाठी करता हे मला दिसतं. पण तुम्ही जे जे करता ते तिलाच लागतं." हे ऐकून उब्बोला संताप आला असता तर बरं झालं असतं. संताप आला नाही. त्याला ते खरंच वाटलं.

आता शहाणा माणूस इथं थांबला असता. पण हट्टी माणूस आणि प्रेम करणारा माणूस हे दोघं एकाच चपलेत पाय घालतात. पुढच्या शनिवारी थेडा दारात जाकीट घालून उभी, हाताला पट्टी. "चला," म्हणाली. कुठं, ते तिला ठाऊक नव्हतं. शनिवार आहे हेही बहुधा नव्हतं. जायचंय एवढं ठाऊक होतं. ही आशा मोडायची कशी?

उब्बोनं मग एक सोंग उभं केलं. विमानाच्या नाकापासून चांगलं हातभर मागे, पंखाच्या मुळाशी, पंख्याचा वाराही लागणार नाही अशा जागी त्यानं लाकडाचा ठोकळा बसवला आणि त्यावर जुना प्लग ठोकून दिला. कशालाही न जोडलेला. इंजिनावरच्या टोपीवर पत्र्याचं झाकण चढवलं, कुणाच्या बापाला उघडणार नाही असं. आणि थेडाच्या हाती तिची जुनी क्लिप दिली, आतली बॅटरी काढून.

विल्कोनं ते बघितलं आणि त्याला टोमणा सुचला नाही. "चालेल का रे?" एवढंच विचारलं.

चाललं! थेडानं गुडघे टेकले, क्लिप त्या ठोकळ्यावरच्या प्लगवर चढवली. इंजिन पेटलं. "काढ!" थेडानं काढली. विमान सोडलं, उठून गुडघे झटकले, आणि विमान बांधावर उंच गेलं तेव्हा मान वर करून बघत राहिली. त्या संध्याकाळी उब्बोनं विल्कोला घरी नेऊन बाटली उघडली, पिण्याची. सगळा उन्हाळा असा गेला. मैदानावरची सगळी मंडळी सोंगात सामील झाली. एखादा नवखा "ते कशाला?" विचारू लागला की विल्को त्याच्या पायावर पाय द्यायचा. कधी कधी उब्बोलाच वाटायचं, हेच खरं असेल. इंजिन खरंच या क्लिपनं चालत असेल. माणसाला बरं वाटायला लागलं की अक्कल पहिली रजा घेते.

सप्टेंबर संपत आला तेव्हाची गोष्ट. आभाळ भरलेलं, उजेड करडा. थेडानं क्लिप चढवली. उब्बोनं टिचकी मारली, इंजिन एका झटक्यात सुरू झालं, तो मागे आला, पेटी अडकवली.

"काढ!"

थेडानं काढली नाही.

तो वाकला. ती ठोकळ्याकडे बघत होती. अगदी जवळून, डोळे बारीक करून, जशी पूर्वी बघायची. तार लाल झाली का हे बघायची तिची सवय होती, त्या करड्या उजेडात लाली चांगली दिसते. तिनं क्लिप उचलली, प्लगवर बोट ठेवलं. पट्टी सुटलेलं, व्रण पडलेलं बोट.

"हा गार आहे," ती म्हणाली.

"थेडा, काढ आणि सोड. वारा बदलायच्या आत."

"उब्बो, हा गार आहे."

कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडून त्याचं नाव आलं होतं. उब्बोला आनंद झाला आणि त्याच श्वासाला भीतीही वाटली. विल्को चार पावलांवर होता, त्यानं मान फिरवली.

थेडानं इंजिनाकडे बघितलं. ते पुढे धडधडत होतं, झक्क, एकसुरात. तिनं हातातल्या क्लिपकडे बघितलं. पुन्हा इंजिनाकडे. तिच्या चेहऱ्यावर ती ओळखीची आठी आली, जुन्या थेडाची, शाळेत हिशोबात बटाटे कमी भरले की यायची ती. इतके दिवस उब्बोला तीच हवी होती, तिचीच तो वाट बघत होता. आणि आली ती अशी.

"हे माझ्याशिवाय चालतं," ती म्हणाली.

उब्बो पेटीवरची दांडी चाचपत राहिला.

"चालतंय ना? ऐकू येतंय मला. मी क्लिप लावायच्या आधीही चाललं असतं."

"हो," उब्बो म्हणाला. खोटं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं, पण इतक्या दिवसांनी खऱ्या थेडानं विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायची त्याची छाती झाली नाही. "हो. चाललं असतं."

"मग मी इथं काय करत होते?"

त्यानं इंजिन बंद केलं. एकदम शांतता पडली, बांधावरच्या मेंढरांचं ओरडणं ऐकू यायला लागलं. तो तिच्या शेजारी गवतात बसला. त्याचे गुडघे कुरकुरले. त्यानं तिचा हात धरायचा प्रयत्न केला, पण तिच्या हातात क्लिप होती.

"माझ्याबरोबर होतीस," तो म्हणाला. "मला तू इथं लागतेस, थेडा. विमानाला नसशील लागत. मला लागतेस."

थेडानं त्यावर नीट विचार केला. आयुष्यभर तिनं रिकाम्या हातानं बसणाऱ्यांना स्वयंपाकघरातून हाकललं होतं.

"ते काही काम नव्हे," ती म्हणाली.

तिनं क्लिप त्याच्या हातात दिली, उठली, गुडघे झटकले आणि गाड्यांकडे चालायला लागली. विल्कोच्या गाडीचं दार उघडून ती पुढच्या सीटवर बसली. विल्को हातात किल्ल्या घेऊन नुसता उभा राहिला, ही तुमची गाडी नव्हे हे सांगायला तो काही पुढे झाला नाही.

पुढच्या शनिवारी उब्बोनं तिचं जाकीट खुंटीवरून काढून आणलं. थेडा खिडकीशी बसली होती. तिनं जाकीट बघितलं, मग त्याला बघितलं आणि सौजन्यानं म्हणाली, "नको हो. तुम्ही जाऊन या. मला तिथं काही काम नाही."

तिचं सगळं विसरून झालं, पण हे मात्र तिच्या पक्कं लक्षात राहिलं. उब्बोनं जाकीट परत खुंटीला लावलं आणि तोही घरीच बसला.